तिसऱ्या मजल्यावरची ओल

मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी बडोद्यात एकोणीस वर्षं काढली. फी, मेसची बिलं, रात्रीचं गेट, पालकांचे फोन हे सगळं होतंच. पण जून उजाडला की खरं काम एकच असायचं. कोणत्या मुलीला कोणाच्या खोलीत ठेवायचं? दाहोदकडच्या आदिवासी गावातली मुलगी आणि सुरतच्या हिरे-व्यापाऱ्याची मुलगी एका खोलीत ठेवल्या, तर पहिला महिना दोघी येऊन माझ्यासमोर रडतात आणि पुढे एकमेकींच्या लग्नात करवली म्हणून मिरवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे २०२४ च्या एप्रिलमध्ये माझ्याच जुन्या मुलींचा फोन आला, तेव्हा मी एका दमात हो म्हटलं.

त्यांचं म्हणणं असं होतं : "मॅडम, देशभरातली पस्तिशीच्या आतली माणसं, जी आपापल्या कामात उद्या पुढे असणार आहेत, ती चार दिवस एकत्र आणायची. डॉक्टर, वकील, शेतकरी, सरपंच, कलाकार, कॉम्प्युटरवाले, सगळे. जागा बडोदाच. राहण्याची सोय तुम्ही बघाल?" बारा जणींनी आपापल्या पगारातून पैसे काढले होते. कोणाचा बॅनर लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. मला फक्त राहण्याच्या सोयीचं काम दिलं होतं. पण रेक्टरचा स्वभाव जात नाही, महिन्याभरात मी निवडीतही होते.

पहिला अर्ज आमचा साफ चुकला. शिक्षण, पुरस्कार, कुठे भाषण केलं, कशाचं नेतृत्व केलं, दोन शिफारसपत्रं, आणि सगळं इंग्रजीत. अर्ज आले भरपूर, पण वाचायला बसलो तर मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली, परत मुंबई. भाषाही एकसारखी, जणू एकाच क्लासमधून सगळे शिकून आले होते. त्यात वाईट माणूस एकही नव्हता. पण ज्यांना कोणीतरी आधीच शोधलेलं आहे, त्यांनाच आम्ही परत शोधत होतो. मग यादी बाजूला ठेवली आणि अर्ज नव्याने केला. दोनच गोष्टी मागितल्या. एक, तुमच्या भाषेत पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज : तुमच्या कामात तुमचा निर्णय चुकला ती वेळ सांगा. दुसरी, शिफारस साहेबांची नको. तुमच्या हाताखाली किंवा बरोबरीने काम करणाऱ्या माणसाची हवी, आणि तीही फोनवर बोलून.

त्या शिफारशींचे फोन मी केले. आयुष्यातलं चांगलं काम कोणतं विचारलं तर मी ते तीन आठवडे सांगेन. दुपारी जेवण झालं की वही घेऊन बसायचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तरुण सरपंचबाईंसाठी त्यांच्या ग्रामपंचायतीच्या शिपायाने वीस मिनिटं बोलून दाखवलं. त्यातलं एक वाक्य वहीत तसंच उतरवलं आहे : "बाई ठरावावर सही करायच्या आधी मला वाचून दाखवायला लावतात, म्हणून मी वाचायला शिकलो." बीडमध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वर्ग चालवणाऱ्या मुलीसाठी एका मुलाची आजी बोलली. आणि एका मोठ्या पदावरच्या तरुणासाठी ज्याला फोन केला तो म्हणाला, "साहेबांचं नाव काय म्हणालात?" तो अर्ज आम्ही तिथेच थांबवला.

निवडीच्या बैठका डांडिया बाजारातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाल्या. बडोद्यात निवडीचा विषय निघाला की महाराजा सयाजीराव गायकवाडांची गोष्ट निघणारच. गादीला दत्तक घ्यायला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून मुलं आणली, कशाला आलात असं विचारलं, आणि बारा वर्षांचा गोपाळराव, म्हणजे पुढचे सयाजीराव, म्हणाला, राज्य करायला. खरीखोटी देव जाणे, पण प्रत्येक मराठी घरात ती सांगतात. आमच्यातल्या एकीने तीच सांगितली : बघा, नेता असा ओळखू येतो. मला राहवलं नाही. म्हटलं, ते १८७५. राज्याचे अधिकार हातात कधी आले? १८८१ च्या अखेरीस. मधली सहा वर्षं एलियट साहेबांची शिकवणी, दिवाण टी. माधवरावांचे कारभारावरचे धडे, घोडा, हिशेब, भाषा. उत्तर एका क्षणाचं असेल, पण त्या मुलाला राजवाड्यात रुळायला आणि शिकायला कोणीतरी सहा वर्षं दिली. आपल्या हातात चारच दिवस आहेत, तर निवडीवर इतकं भांडण्यापेक्षा ते चार दिवस कसे द्यायचे त्यावर भांडू.

शेवटी छत्तीस नावं निघाली. कळवायला फोन केले तेव्हा कळलं की निवड होणं आणि येता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "तिकिटाचे पैसे आल्यावर देऊ" असं आम्ही पत्रात लिहिलं होतं. नऊ जणांनी काहीबाही कारणं सांगून नकार दिला. मी वसतिगृहात एवढी वर्षं काढलेली. "घरी लग्न आहे" म्हणजे हातात पैसे नाहीत, हे मला आवाजावरून कळतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची तिकिटं आम्हीच काढून पाठवली, आणि नऊपैकी आठ जणांच्या घरचं लग्न पुढे गेलं. सरपंचबाईंचं बाळ सात महिन्यांचं होतं. त्या म्हणाल्या, मी नाही येऊ शकत. मी म्हटलं, बाळाला आणा, सासूबाईंनाही आणा. नवजीवन एक्सप्रेसने तिघं आली. सासूबाईंनी चार दिवसांत आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला ही गोष्ट वेगळी.

आता राहण्याचं.

मीच सुचवलं होतं की मुलांना हॉटेलात ठेवायचं नाही, शहरातल्या घरांमध्ये ठेवायचं. डांडिया बाजार, रावपुरा, दांडेकर-देशपांडे-शिंदे-जाधव अशी जुनी मराठी घरं, थोडी गुजराती. एका घरी दोघं किंवा तिघं. सकाळी पोहे त्या घरात, रात्रीची झोप त्या घरात. बाहेरून आलेल्याला शहर कळतं ते घरातून, हे माझं मत आजही तेच आहे. सोळा घरं तयार झाली. यजमानांना पाठवलेल्या यादीत मी मुद्दाम फक्त नाव, काम आणि जिल्हा लिहिला, आडनाव लिहिलं नाही.

गुरुवार ९ जानेवारीला सगळे येणार होते. मंगळवारी संध्याकाळी एका यजमानांचा फोन आला. तीस वर्षांची ओळख. आमच्या घरातल्या प्रत्येक सुखदुःखात पुढे असलेलं कुटुंब. म्हणाले, "ताई, त्या लातूरच्या वकील मुलाचं आडनाव तुम्ही लिहिलेलं नाही."

मी सांगितलं.

जरा थांबून म्हणाले, "तसं आम्ही काही मानत नाही. पण आई आहे ना, तिचं सोवळं असतं. तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय."

मला कळत होतं. आणि मी म्हणाले, "बघते."

दोन दिवसांत सोळा घरांची व्यवस्था, स्टेशनवर गाड्या, गाद्या, बाळासाठी दूध, डोक्यात हे सगळं होतं हे खरं. पण ते कारण नव्हतं. मला भांडण नको होतं. मी त्या वकिलाची सोय आमच्याच घरी केली आणि त्याला मेसेज पाठवला : यजमानांच्या खोलीला ऑगस्टच्या पुरापासून ओल आहे, म्हणून तुमचा पत्ता बदलला आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, अर्ध्या बडोद्याच्या भिंती खरोखरच ओल्या होत्या. थाप खपण्यासारखी होती.

मुलं आली. उत्तरायण पाच दिवसांवर आलेलं, रस्त्याच्या कडेला खांबांमध्ये दोरा ताणून त्याला रंग आणि काचेची लगदी लावणारे लोक बसले होते. त्यांचे हात कोपरापर्यंत गुलाबी. आमच्यातल्या एका मुलाचा बंगळूरला सेन्सर बनवायचा व्यवसाय आहे. तो पहिल्या संध्याकाळी बैठक सोडून त्या मांजावाल्याजवळ तासभर बसला, दोऱ्याला लगदी सारखी कशी लागते ते बघत. मला ते फार आवडलं.

भाषेचा प्रश्न मात्र पहिल्याच सकाळी उभा राहिला. इंग्रजीत बोलायचं तर दहा जण गप्प, हिंदीत बोलायचं तर मदुराईहून आलेली हातमागावरची मुलगी गप्प. तासभर घोळ झाला. मग बसायची जागा बदलली : ज्याला जी भाषा येते त्यात त्याने बोलावं, शेजारी बसलेल्याने आपल्या शेजाऱ्याला सांगावं. वेळ दुप्पट लागला. पण दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला सांगायचं म्हणजे आधी नीट ऐकावं लागतं, आणि पुढारी म्हणवणाऱ्या माणसाला ती सवय कुठेच लागत नाही. दुपारपर्यंत मोठ्या आवाजाची माणसं आपोआप हळू बोलायला लागली.

आखलेल्या सत्रांबद्दल मी फार लिहीत नाही. काही बरी झाली, दोन कंटाळवाणी झाली. घडलं ते शुक्रवारी रात्री, जेवणानंतर गच्चीवर. बीडची मुलगी सांगत होती की ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात, त्या जोडीला "एक कोयता" म्हणतात, आणि हंगामाच्या आधी मुकादम त्यांना "उचल" देतो. उचल फिटेपर्यंत कोयता त्या मुकादमाचा. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं ते थेट मार्च-एप्रिलमध्ये परत. त्या काळात मुलं शाळेतून गळतात, म्हणून तिचा वर्ग. वेरावळचा एक तरुण, बोटींच्या इंजिनांचं काम करणारा, मध्येच म्हणाला, "आ तो अमारे त्यां पण छे." त्यांच्याकडे खलाशांना हंगामाच्या सुरुवातीला आगाऊ रक्कम देतात. हिशेब मालकाच्या वहीत, खलाशाच्या हातात काही नाही.

लातूरचा वकील तोवर गप्प होता. त्याने दोघांना एकच प्रश्न विचारला. "पैसे घेताना कागद होतो का?" होतो, म्हणाले. "त्याची एक प्रत घेणाऱ्याला मिळते का?" दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. एक माणूस शेतात, एक समुद्रावर, पण कागद एकच आणि तोही दुसऱ्याच्या खिशात. त्या रात्री दीड वाजेपर्यंत ते सहा जण गच्चीवर होते. मी खाली जाऊन दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा जिन्यातच उभी राहून ऐकत राहिले. क्षेत्रं वेगळी असलेली माणसं एकत्र आणायची ती कशासाठी, हे मला त्या जिन्यात समजलं. शिक्षणवालीला प्रश्न शाळेचा वाटत होता, इंजिनवाल्याला धंद्याचा. तिसऱ्या कोणाला तरी तो पावतीचा दिसला.

त्याच आठवड्यात दिल्लीत, भारत मंडपममध्ये, केंद्र सरकारचा विकसित भारत यंग लीडर्स डायलॉग चालू होता. १५ ते २९ वयोगट, आधी प्रश्नमंजूषा, मग निबंध, मग राज्यपातळीवर सादरीकरण, आणि शेवटी तीन हजार तरुण दिल्लीत. आमच्यातली एक मुलगी त्यातल्या सादरीकरणापर्यंत पोहोचली होती. देशभरातून इतके लोक निवडायचे तर अशा चाळण्या लागणारच. दुसरा एक जण जागृती यात्रेत जाऊन आलेला. २००८ पासून चालणारी ती रेल्वेयात्रा, पंधरा दिवस, आठ हजार किलोमीटर. तो म्हणाला, "काकू, तिथे भाषणं विसरलो, डब्यातली माणसं नाही विसरलो. वरच्या बर्थवर कोण आहे ते आधी विचारतच नाहीत." मी फक्त मान हलवली.

रविवारी, १२ जानेवारीला, सकाळी सगळ्यांना घेऊन सयाजीबागेत जायचं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी डांडिया बाजारातला खासेराव जाधवांचा बंगला दाखवला होता, जिथे अरविंद घोष राहत. सयाजीरावांनी त्यांना विलायतेत गाठून १८९३ मध्ये बडोद्यात आणलं, ते १९०६ पर्यंत इथे होते. आणि रविवारी त्या बागेतली, वडाखालची आंबेडकरांची संकल्पभूमी. दोन जागा लागोपाठ दाखवायची कल्पना माझीच, बोलणारही मीच होते.

काय बोलायचं ते महिनाभर आधी लिहून ठेवलं होतं. १९१३ साली बडोदा संस्थानाने आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी. राजाने माणूस ओळखला, पैसा दिला, परत आल्यावर पद दिलं. पण १९१७ मध्ये ते बडोद्याला आले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी खानावळीत पारशी नाव लावून दहा दिवस काढले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात उभी राहिली. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांनाही जमेना. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास ते या बागेत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

मी बोलायला उभी राहिले. बंगल्याचं सांगितलं, साडेअकरा पौंडांचं सांगितलं. "खोली मिळाली नाही" या वाक्याशी आले आणि समोर तो बसलेला दिसला, स्वेटरच्या बाह्या ओढून, सरळ माझ्याकडे बघत. माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघेना. कागद सरपंचबाईंच्या हातात दिला, उरलेलं त्यांनी वाचलं.

परत निघताना तो माझ्याबरोबर मागे राहिला. विश्वामित्रीच्या पुलावर आमची काही मुलं मगर दिसते का बघत वाकून उभी होती. तो म्हणाला, "ताई, पहिल्या मेसेजमध्ये तुम्ही मला पत्ता पाठवला होता. ते घर तिसऱ्या मजल्यावर आहे."

मी म्हटलं, "हो."

"तिसऱ्या मजल्यावर पुराची ओल येत नाही."

"नाही येत," मी म्हटलं. आणि मग जे झालं ते सगळं सांगितलं, "बघते" म्हणाले तेही.

तो रागावला नाही, निदान माझ्यावर आवाज चढवला नाही. म्हणाला, "तुमच्या घरी मला काही कमी पडलं नाही. पण पुढच्या वेळी आधी मला सांगा. तिथे जायचं की नाही ते मी ठरवीन. कदाचित गेलोही असतो, त्या आजींशी बोलायला. तुम्ही माझ्या वतीने भांडण मिटवलंत, ते माझं भांडण होतं."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या यजमानांना फोन केला आणि तीस वर्षांत बोलले नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी संक्रांत. त्यांच्याकडचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण तो फोन मंगळवारीच व्हायला हवा होता.

या वर्षभरात आम्ही बरंच बदललं. वकील, बीडची मुलगी आणि वेरावळचा तरुण यांनी मिळून उचलीसाठी साधं पावतीपुस्तक तयार केलं : कार्बन लावलेलं, एक प्रत देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, मराठीत आणि गुजरातीत, अंगठ्याशेजारी रक्कम अक्षरात लिहायला मोठी जागा. रावपुऱ्यातल्या छापखान्यात पहिली दोनशे पुस्तकं छापली. मुकादम ती वापरतात का? काही वापरतात, काही हसतात. बीडहून तिचा फोन येतो तेव्हा ती आधी हसणाऱ्यांची संख्या सांगते.

येत्या जानेवारीत पुन्हा जमायचं आहे. या वेळी कोणी कोणाच्या घरी राहणार नाही. सगळ्यांच्या गाद्या एकाच हॉलमध्ये, आणि जेवायला रोज शहरातली चार कुटुंबं तिथे येणार, पंगतीत बसणार, वाढणार. ज्यांना यायचं त्यांनी यावं, यादी उघडी आहे. कोण कोणाच्या शेजारी झोपणार ते मी ठरवणार नाही. ते काम आता लातूरहून होतं. काल रात्री त्याचा फोन आला होता, कोर्टातून उशिरा सुटला म्हणाला.

"ताई, गाद्या किती सांगू?"

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं. "आणि बाळ आता चालायला लागलंय, त्याची एक छोटी."